लोणारचा गाळ आणि वत्सगुल्मची गादी

“रोम कोनी पाडलं, सांग,” मामांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगून टाकलं, “गॉथायनं नाई, व्हँडलायनं नाई. जंतूनं आन् पावसानं.”

माझे मामा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मूळ गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. वर्गात ते प्रमाण मराठी बोलत, घरी मात्र वऱ्हाडीच. मी अमरावतीला इतिहास शिकवते. राज्यं का पडतात, हा आमचा जुना वाद. काइल हार्पर यांचं २०१७ सालचं रोमवरचं पुस्तक वाचल्यापासून मामांची बाजू जास्तच पक्की झाली आहे.

“१६५ साली पूर्वेकडच्या लढाईहून फौजा घरी आल्या, त्यायच्यासंगं साथ आली. ५३६ मध्ये ज्वालामुखीच्या राखेनं सूर्य झाकोळला. ५४१ मध्ये प्लेग. आन् हे काई कोन्या बखरकाराच्या मनचं नाई. बव्हेरियात सहाव्या शतकातले सांगाडे निघाले, त्यायच्या दातात प्लेगचा जंतू सापडला. तुमच्या इतिहासात दात कुठी हायेत?”

“दात मला मान्य आहेत,” मी म्हटलं. “सालं जुळत नाहीत. पश्चिमेकडचं रोम पडलं ४७६ मध्ये. प्लेग आला त्यानंतर पासष्ट वर्षांनी. ज्या पूर्वेकडच्या सत्तेवर तो आला, ती पुढे १४५३ पर्यंत टिकली. ज्याला साथ झाली तो जगला, आणि जो आधीच गेला होता त्याच्या मरणाचं कारण म्हणून तुम्ही ती साथ दाखवता.”

“१६५ ची साथ तर आधीची हाये ना? आन् टिकली म्हंते! जस्टिनियननं इटली जिंकली होती, ती हातात राह्यली का? शंभर वर्षात सीरिया गेला, इजिप्त गेला. माणूस जिवंत हाये पन हातपाय गेले, याले टिकनं म्हंत नाई.”

हा मुद्दा त्यांचा बरोबर होता. पण मला रोमवर वेळ घालवायचा नव्हता. मी म्हटलं, “मामा, वऱ्हाडाचं बोला. आपल्याकडेही राज्यं झाली आणि गेली. त्यांच्यासाठी तुमच्याकडे काय आहे?”

“लोणार हाये.”

लोणारबद्दल ते बोलू लागले की थांबवू नये. उल्केच्या आघातानं झालेलं हे विवर चहूबाजूंनी बंद आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. जातं ते फक्त वाफ होऊन. त्यामुळे पाऊस कमी झाला की तळं आटतं, क्षार दाट होतात आणि तळाच्या गाळात गेलुसाइट नावाचे स्फटिक तयार होतात. पाऊस वाढला की स्फटिक थांबतात आणि कडेची माती वाहून येते. हजारो वर्षांचे हे थर एकावर एक बसलेले आहेत. जर्मन आणि भारतीय संशोधकांनी या गाळाचा उभा गाभा काढला आणि २०१४ मध्ये त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. त्यात दोन मोठे कोरडे काळ दिसले. पहिला सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

“पयला काळ कोनता, समजलं? सिंधूची शहरं उतरतीले लागली तोच. मोहेंजोदडो तिकडं, अन् त्याची नोंद आपल्या बुलडान्याच्या तळ्यात.”

“आणि दुसरा?”

मामा जरा थांबले. कारण पुढचा प्रश्न त्यांना ठाऊक होता.

“दोन हजार ते सहाशे वर्षांपूर्वी,” मी म्हटलं, “म्हणजे साधारण इसवी सनाच्या सुरुवातीपासून चौदाव्या शतकापर्यंत. एवढ्या काळात इथे काय काय झालं ते मोजा. सातवाहनांचा भरभराटीचा काळ त्यात. वाकाटक त्यात. वाशीम, म्हणजे वत्सगुल्म, हे राजधानीचं शहर झालं ते त्यात. अजिंठ्याची उत्तम लेणी त्यातली. सोळावं लेणं तर हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं कोरवून घेतलं. राष्ट्रकूट, यादव, गावोगावची हेमाडपंती देवळं, लोणारचं दैत्यसूदनाचं मंदिरसुद्धा. मामा, तुमचा दुष्काळ चौदाशे वर्षं चालला आणि त्या दुष्काळात विदर्भानं आपलं सगळ्यात सुंदर काम केलं. पावसानं राज्यं पडत असती तर इथे एकही उभं राहायला नको होतं.”

मला वाटलं होतं, ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी मातीचं उत्तर दिलं.

“पाह्य. गाळ सरासरी सांगते. शतकाची सरासरी. शतक कोरडं म्हंजे दरवर्षी दुष्काळ नाई. अन् आपली जमीन कशी हाये? काळी, खोल, चिकन. पावसाळ्यात पानी पिते अन् हिवाळ्यात सोडते. वरून थेंब न पडता रब्बीची ज्वारी, हरभरा, जवस त्या ओलीवर येते. म्हून पाऊस वीस टक्के कमी झाला तरी वऱ्हाड मरत नाई. ते कोकनात नाई चालत, मुरमाड रानात नाई चालत. तुह्या वाकाटकायनं राज्य उभं केलं ते या मातीवर. कोरड्या शतकात तगनारी जमीन ज्याच्याजवळ, तो राजा मोठा झाला. हेबी हवामानच झालं ना?”

हे मला आवडलं, आणि आजही पटतं. कोरडेपणामुळे राज्यं पडतात एवढंच आपण ऐकतो. आजूबाजूचं रान सुकत असताना ज्याच्या जमिनीत ओल टिकते त्याचं बळ वाढतं, ही बाजू कोणी फारशी मांडत नाही. पण मग पडलं कशानं?

वाकाटकांच्या शेवटाबद्दल आपल्याकडे एक विलक्षण साधन आहे. हरिषेणानंतर, पाचव्या शतकाच्या अखेरीस, ही सत्ता भराभर विस्कटली. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या विश्रुताच्या कथेत विदर्भाच्या एका राज्याचा नाश वर्णिला आहे. म. म. वा. वि. मिराशींनी त्यात वाकाटकांच्या अंताची आठवण ओळखली. कथेत शहाणा राजा मरतो, मुलगा गादीवर येतो. तो हुशार, पण दंडनीतीचा कंटाळा असलेला. खुशमस्करे त्याला सांगतात की राजनीतीचे ग्रंथ म्हणजे नुसता छळ आहे. शेजारचा अश्मकराज आपली माणसं दरबारात पेरतो, शिकारीचे आणि जुगाराचे गुण गायला लावतो, सामंत फुटतात आणि राजा लढाईत मारला जातो.

“यात पाऊस कुठे आहे, मामा? साथ कुठे आहे?”

“दंडी कुठला? कांचीचा. राहिला कुठी? दरबारात. लिहिलं कवा? दोनेकशे वर्षांनंतर. दरबारी कवीले राजाचा जुगार दिसते. गावातली विहीर आटली ते त्याले कसं दिसन?”

“दिसलं होतं,” मी म्हटलं. “त्याच पुस्तकात, दोनच प्रकरणं आधी, धूमिनीची गोष्ट आहे. त्रिगर्त देशात बारा वर्षं पाऊस पडला नाही. नद्या आटल्या, झाडं सुकली, गुरं संपली आणि शेवटी माणसं माणसांना खाऊ लागली. दंडीनं ते असं लिहिलंय की वाचताना घास खाली उतरत नाही. म्हणजे दुष्काळ काय असतो हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी विदर्भ का बुडाला हे सांगताना तो दुष्काळाचं नाव काढत नाही. एकाच लेखकानं दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या, याला मी पुरावा मानते.”

“पुरावा नाई. साक्ष हाये,” मामा म्हणाले. “साक्षीदार इमानदार असते, पन त्यानं सारंच पाह्यलं असं नाई.”

इथे मी थोडी मागे सरले. कारण लेखी साधनांपलीकडचा एक पुरावा त्यांच्या बाजूनं होता. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी आहे. १९८४-८५ मध्ये तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातली, माळवा आणि जोर्वे धाटणीची शेतकरी वस्ती निघाली. त्याच संस्कृतीचं पुणे जिल्ह्यातलं इनामगाव डॉ. म. के. ढवळीकर आणि सहकाऱ्यांनी बारकाईनं खोदलं. तिथे इसवी सनपूर्व हजारच्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शेळ्यामेंढ्यांवर भर आला आणि पुढच्या तीनेकशे वर्षांत गाव सुटलं. ढवळीकरांनी वाढत्या कोरडेपणाकडे बोट दाखवलं. लेख नाही, राजाचं नाव नाही, फक्त घरांचे आकार आणि हाडं. राजाच्या कथेत जे कधी येत नाही, ते तिथे दिसतं. मामांना हवं होतं ते हेच, आणि मी ते मान्य केलं. मात्र इनामगाव हे गाव होतं, साम्राज्य नव्हतं.

“मंग सोळाशेतीसचं बोल,” मामा म्हणाले. “तिथं तर साम्राज्य हाये, कागद हायेत, दुष्काळबी हाये.”

१६३० ते १६३२. या तीन वर्षांवर आम्ही दोघं बराच वेळ अडकलो, कारण वऱ्हाड तेव्हा या सगळ्याच्या ऐन मध्ये सापडलं होतं.

घटनाक्रम असा. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला आणि निजामशाहीचा कणाच गेला. १६२९ मध्ये देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात, भर दरबारात, सिंदखेडराजाचे लखुजी जाधव आणि त्यांची मुलं निजामशहाच्या हुकमानं कापली गेली. जिजाबाईंचं माहेर एका दिवसात उजाड झालं आणि मोठं मराठा घराणं निजामशाहीपासून कायमचं तुटलं. १६३० च्या वसंतात शहाजहान स्वतः बऱ्हाणपूरला येऊन बसला. त्याच वर्षी पाऊस गेला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, दख्खन, सगळीकडे. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी वर्षाच्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला जाताना बऱ्हाणपूरच्या वाटेनं गेला. वाटेवर पडलेली प्रेतं आणि जनावरांच्या शेणातले न पचलेले दाणे वेचणारी माणसं त्यानं नोंदवली आहेत. खुद्द शहाजहानच्या दरबारी इतिहासात मेलेल्यांच्या हाडांचा भुगा पिठात मिसळून विकल्याचा उल्लेख आहे. गुजरातेत पुढच्या वर्षी पाऊस आला तो अतिवृष्टी होऊन, आणि त्यामागून ताप. देहूला तुकोबांच्या घरातली माणसं गेली ती याच काळात, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं.

“आन् १६३३ ले दौलताबाद पडलं, १६३६ ले निजामशाही संपली,” मामांनी पूर्ण केलं. “अजून काय पाहिजे तुले?”

“मला मोगल पाहिजेत. आभाळ एकच होतं ना? निजामशहाच्या रयतेवर जो दुष्काळ पडला तोच शहाजहानच्या खानदेशावर आणि गुजरातवर पडला. त्याची फौज त्याच दुष्काळात तळ देऊन होती. मग तो का नाही पडला?”

मामा गप्प राहिले, म्हणून मीच पुढे बोलले. शहाजहाननं बऱ्हाणपूरला लंगर उघडले. दर सोमवारी पाच हजार रुपये, असे वीस सोमवार मिळून एक लाख वाटले. मरणाच्या आकड्यापुढे ही रक्कम तुटपुंजी होती. खरा फरक दुसरीकडे होता. माळव्यातून बैलांच्या पाठीवर धान्याचे तांडे बऱ्हाणपूरच्या छावणीकडे चालत राहिले, आणि वाटेवरची माणसं ते तांडे जाताना बघत मेली. बादशहाकडे उत्तरेचा न सुकलेला मुलूख होता. निजामशहाकडे होतं ते सगळं दुष्काळात, आणि उरलेलं घरच्या भांडणात. मलिक अंबरचाच मुलगा फतहखान यानं सुलतानाला मारलं. अशा वेळी किल्ल्यात दाणा कुठून येणार?

“मंग दुष्काळानंच निवडलं ना, कोन जगन ते?”

“नाही मामा. कोण जगेल हे धान्याची वाट कुणाच्या ताब्यात आहे त्यानं ठरवलं. दुष्काळानं फक्त घाई केली.”

“घाईच तर सारी हाये, बाई. मानूस दहा वर्षांनी मेला काय अन् आज मेला काय, सारखंच का? तीन वर्षं पाऊस बरा झाला असता तर शहाजीराजायले सावरायले वेळ भेटला असता.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शहाजीराजांनी १६३३ ते १६३६ एका लहान मुलाला गादीवर बसवून निजामशाही चालवून पाहिली. उजाड मुलखात, मोगल आणि आदिलशाही दोघांच्या कात्रीत त्यांनी ती तीन वर्षं ओढली. मागे पेरलेलं शिवार असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही, म्हणून आम्ही तो विचारत नाही. मामांचं म्हणणं आहे की विचारला पाहिजे.

औरंगजेबाचं त्यांनी पटकन उरकलं. १६८८-८९ मध्ये विजापुरात, छावणीत प्लेग. १७०२ ते १७०४ दख्खनेत अवर्षण आणि साथ, ज्यात वीस लाखांवर माणसं मेल्याचं मनुची लिहितो. “पंचवीस वर्षं इथं तळ देऊन बसला. मराठ्यायनं त्याले दमवलं हे खरंच. पन मराठ्यायच्या संगं अजून दोघं लढत होते.” यावर मी वाद घातला नाही.

मी त्यांना पुढे, आपल्या आजोबा-पणजोबांच्या वऱ्हाडात आणलं.

१८५३ मध्ये वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलं. कापूस वाढला, अमरावती-खामगावच्या बाजारपेठा फुगल्या, रेल्वे आली. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ. दुसऱ्याला जुनी माणसं छप्पनचा म्हणत. इथे मामांनी जी साखळी सांगितली ती माझ्या कोणत्याही पुस्तकात इतकी स्पष्ट नव्हती. पाऊस गेला की विहिरी आटतात. खारपाणपट्ट्यात तर खालचं पाणी खारंच. गोडं पाणी असतं ते वरवरच्या झिऱ्यांत, आणि पहिलं तेच जातं. मग अख्खी वस्ती उरलेल्या एका डोहावर येते. भुकेनं खंगलेली माणसं कामाच्या शोधात खडी फोडायच्या कामांवर गोळा होतात, आणि तिथे पटकी शिरते. “दुष्काळात भुकेनं कमी मरतात, पान्यानं जास्त,” ते म्हणाले. दुष्काळ आणि रोग ही दोन कारणं नव्हेतच, असं त्यांना म्हणायचं होतं.

“१८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे एकोणतीस लाख,” मी म्हटलं. “१९०१ मध्ये साडेसत्तावीस लाख. वाढायची ती घटली. तेव्हा रेल्वे होती, धान्य आणता येत होतं. पण कापसावर कर्ज काढलेल्या कुणब्याच्या आणि रोजानं जाणाऱ्या मजुराच्या हातात ते घ्यायला पैसा नव्हता. आता सांगा, यानंतर इंग्रजी राज्याचं काय झालं?”

“काय झालं?”

“१९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाशी करार करून हेच वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं. दोन वर्षांपूर्वी ज्या मुलखात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तो मुलूख साम्राज्यानं आणखी घट्ट धरला. १९१८ चा ताप घ्या. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड सगळ्यात जास्त पोळलेल्या भागांपैकी. हेही लहान संकट नव्हतं. तरी राज्य हललं नाही. कारण गादी लंडनला होती आणि मरण दर्यापूरला.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. १९१८ च्या त्या तापात त्यांच्या आजीची दोन लेकरं गेली होती, हे मला माहीत होतं. मी ते मुद्दाम काढलं नव्हतं.

मला या विषयात जे म्हणायचं आहे ते इथवर आलं आहे. राज्य का पडलं हा प्रश्न आपण गादीजवळ उभं राहून विचारतो. पाऊस आणि रोग गावावर येतात. गादी ज्या शिवाराचं खाते तेच शिवार मेलं, तर गादीही जाते. निजामशाहीचं असं झालं. गादी दूरच्या शिवाराचं खात असेल, तर गाव मरतं आणि राज्याच्या इतिहासात त्याची ओळही पडत नाही. म्हणून ‘हवामानानं साम्राज्य पाडलं’ हे विधान मला अर्धवट वाटतं. पण ‘हवामानाचा संबंध नाही’ असं म्हणणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंचं त्याहून जास्त चुकतं, कारण ते फक्त टिकलेल्या गाद्या पाहतात.

मामांना हे पूर्ण पटलं नाही. “तू अजूनबी माणसायच्या हाती फार देते,” ते म्हणाले. “मले एक सांग. तुमच्या राजायच्या वंशावळी सालवार हायेत. त्याच्या बाजूले पावसाचा रकाना काहून नाई? आधी रकाना भर, मंग भांडू.”

“तो रकाना भरायला गाळ लागतो, मामा, आणि गाळ तुम्हा लोकांकडे आहे.”

“आमच्याकडं कुठला? तो भोनले हाये.”

भोन हे बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातलं, पूर्णेच्या काठचं गाव. डेक्कन कॉलेजच्या डॉ. भास्कर देवतारे यांनी तिथे उत्खनन केलं. विटांचा स्तूप निघाला, आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरी निघाल्या. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं हे नांदतं गाव आहे, आणि ते बरोबर खारपाणपट्ट्यात आहे. जिगाव धरणाच्या बुडिताखाली ते जाणार, हे ठरलेलं आहे. त्या धरणाचं पाणी या पट्ट्याला हवं आहे, हे मामांच्या गावची माणसं कुणापेक्षाही जास्त जाणतात. मीही धरणाच्या विरुद्ध बोलत नाही. पण त्या विहिरींच्या तळाशी दोन हजार वर्षांपूर्वीचा गाळ आहे. त्यात परागकण असतील, पिकांचे अवशेष असतील, क्षारांचं प्रमाण मोजता येईल. लोणार शतकाची सरासरी सांगतं. इथे एका गावानं प्यालेलं पाणी सापडू शकतं. ते गोडं होतं की खारं, कधी खारं होत गेलं, आणि माणसं गेली ती त्याआधी की त्यानंतर, हे तिथे विचारता येतं.

“मृदाशास्त्राची पोरं नमुने घेऊ शकतात,” मामा म्हणाले. “माती काढायचा ओगर लागते, पिशव्या लागतात, थराची नोंद करनारा कोनी जानकार लागते. पन परवानगीचं पत्र पुरातत्त्ववाल्यायले तुले लिहा लागन. माह्या मराठीत ते कोनी वाचनार नाई.”

पत्राचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला. पहिल्याच परिच्छेदात ‘पर्जन्यमानातील बदलामुळे वस्तीचा ऱ्हास’ हे शब्द त्यांनी घातले. मी ‘मुळे’ खोडून ‘आणि’ केलं. त्यांनी ते परत ‘मुळे’ केलं आहे.